सहा जणांचा परवाना

"मला नुसता एक कोरा अर्ज आणि चालणारं पेन द्या," तिप्पटराव छाती पुढे काढून म्हणाले होते, "चंद्रावरसुद्धा दोन खाटांची सोय करून दाखवतो."

समोर त्यांची बायको बसली होती. ती पाव शेकत होती आणि तिने मान वर केली नाही. तीस वर्षं ज्या माणसाबरोबर काढली त्याची छाती पुढे आली की आपली मान खाली ठेवावी, एवढं ती शिकली होती.

तिप्पटराव हे त्यांचं खरं नाव अर्थातच नव्हे. ते एका मोठ्या रुग्णालयाच्या भांडाराचे प्रमुख. हातमोजे, कापूस, चादरी, सुया, साबण, सगळं त्यांच्या सहीशिवाय हलत नसे. आणि त्यांची एक पद्धत होती. वॉर्डाला शंभर हातमोजे हवे असतील तर ते वर तीनशेची मागणी पाठवत. कारण वरच्या ऑफिसात जो माणूस बसलेला असतो तो कधी रुग्णाच्या उशाशी उभा राहिलेला नसतो. त्याला हातमोजा कुठल्या हातात घालतात हेही ठाऊक नसतं. त्याला एकच काम येतं, कापणं. तीनशे वाचून तो नाक मुरडतो, शंभर मंजूर करतो आणि आपण आज एक लूट थांबवली या समाधानात चहा पितो. लबाड कोण, मागणारा की कापणारा, ते तुम्ही ठरवा. तिप्पटरावांच्या राज्यात एकही जखम कापसावाचून उघडी राहिली नाही, एवढं मात्र खरं. म्हणून वॉर्डात त्यांना प्रेमाने तिप्पटराव म्हणत. अधीक्षकांच्या खोलीतही तिप्पटरावच म्हणत, पण तिथे प्रेम जरा कमी असे.

बायको त्याच रुग्णालयात सिस्टर. आठ वर्षांपूर्वी बाहेरच्या बाकावर पडलेल्या एका जुन्या मासिकात तिने एका पक्ष्याचं चित्र पाहिलं. बुटका, पोट पांढरं, पाठ काळी, चोच अशी रंगीत की लहान मुलाच्या हातात रंगपेटी पडली असावी. पाय मागे टाकून, पोट पुढे काढून असा उभा, की जणू राउंडला निघालेला मोठा सर्जन. हा पक्षी वर्षभर समुद्रात असतो आणि फक्त तीन-चार महिने अंडी घालायला जमिनीवर येतो, तेही दूरच्या ओसाड बेटांवर. सिस्टरने ते पान कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. रोज सकाळी गणवेश काढताना ती त्याला बघायची. त्याचं नाव तिने ठेवलं होतं बुटका.

आठ वर्षांत बुटक्याकडे जायचे तीन बेत झाले आणि तिन्ही फसले. पहिल्या वेळी तिप्पटरावांनी आठ दिवसांऐवजी चोवीस दिवसांची रजा मागितली. अधीक्षकांना वाटलं हा नोकरी सोडून चाललाय, त्यांनी त्याला समजावण्यात तीन आठवडे घालवले. बाकीचे दोन बेत कसे फसले ते विचारू नका. त्यांनाही तेवढीच अक्कल लागली होती.

यंदा मात्र गोष्ट निराळी होती. सिस्टरचा उजवा गुडघा गेला होता. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो दिव्यापुढे धरून सांगितलं, की तीन महिन्यांनी ऑपरेशन, आणि त्यानंतर जिने, टेकड्या, खडक सगळं बंद. बेटावर धक्क्यापासून पक्ष्यांच्या कड्यापर्यंत दोनशे बारा पायऱ्या होत्या, खडकात खोदलेल्या.

"यंदा नाही गेले तर मग तो कपाटातच," ती म्हणाली. रडून नाही. पावावर लोणी लावत.

"मी आहे ना," तिप्पटराव म्हणाले.

"तीच तर काळजी आहे. अहो, अर्ज मी लिहू का?"

"तू सुया टोच. कागद माझ्यावर सोड."

ते बेट म्हणजे भर समुद्रातला एक दगड. वस्ती सात माणसांची. एक राखण अधिकारी, एक दीपगृहवाला, त्याची बायको, एक लाँचवाला, आणि तीन म्हातारे जे कशासाठी तिथे राहतात ते त्यांनाही आठवत नव्हतं. लाँच एकच, आठवड्यातून दोनदा, तिच्यात सहा जागा. राहायला सहा खाटांची एक खोली. आणि परवान्यासाठी अर्ज कागदावरच करायचा, टपालाने.

तिप्पटराव अर्ज घेऊन बसले. 'किती व्यक्ती' या चौकटीपाशी त्यांचं पेन थांबलं. दोन हव्यात. म्हणजे वर दोन मंजूर व्हायला हव्यात. हात आपोआप चालला. सहा.

आता तुम्ही म्हणाल, काय हा मूर्खपणा. पण तीस वर्षं जो हात तीनशे लिहितो त्याला शंभर लिहायला लावणं म्हणजे उजव्या पायात डावा बूट घालण्यासारखं आहे. घालता येतो, पण चालवत नाही.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. तिप्पटरावांनी ते भांडारातच फोडलं, चादरींच्या ढिगाला टेकून. वाचलं, आणि त्या ढिगावरच बसले.

सहाच्या सहा मंजूर.

खाली सही राखण अधिकाऱ्याची नव्हती. तो रजेवर गेला होता आणि त्याच्या जागी दीपगृहवाल्याची बायको काम बघत होती. त्या बाईला कापणं माहीतच नव्हतं. माणसाने सहा लिहिले म्हणजे सहा येणार, असं तिने सरळ मनाने धरलं होतं. पत्रात तिने लिहिलं होतं, की इतके लोक बऱ्याच दिवसांनी येतायत, म्हाताऱ्यांना आनंद झालाय, सहाही गाद्या उन्हात टाकल्या आहेत.

आणि त्याखाली नियम छापलेला होता. परवाना गटाचा आहे. सहाही जण एकत्र उतरले पाहिजेत. एक जरी कमी आला तरी परवाना रद्द. कारण लोक जागा अडवून ठेवतात आणि येत नाहीत, आणि लाँच तीन तास रिकामी हाकावी लागते.

तिप्पटरावांना घाम फुटला. चार माणसं कमी. लाँच सुटायला सात आठवडे. बायकोला सांगावं? सांगितलं तर ती काही बोलणार नाही, आणि तिचं न बोलणं त्यांना सोसत नसे. त्यापेक्षा चार माणसं जमवणं सोपं.

चार हवीत. म्हणजे बाराजणांना विचारायला हवं. आठ तरी नाही म्हणतीलच.

पहिला गाठला वरच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर. तो एका जबड्यात वाकलेला होता.

"समुद्रात?" तो यंत्र बंद न करता म्हणाला. "मला अंघोळीच्या टबात गरगरतं."

"नाही म्हणालात तरी चालेल," तिप्पटराव म्हणाले. "फक्त हिला वाईट वाटेल. तिची फार इच्छा आहे, तुम्ही यावं अशी."

यंत्र बंद झालं.

"सिस्टरची?"

"हो."

"येतो," दातांचा डॉक्टर म्हणाला, आणि खुर्चीतल्या माणसाला म्हणाला, "तुम्ही तोंड मिटू नका."

तिप्पटराव खूश झाले. एक झाला. मग औषधांच्या खिडकीवरच्या बाई, लिफ्टवाला, क्ष-किरणवाला, धुलाईखात्याचा मुकादम, मेहुणा, त्याची बायको. सगळीकडे तेच वाक्य. हिला वाईट वाटेल. एकानेही नाही म्हटलं नाही. चौथ्यालाच थांबायला हवं होतं, पण बाराची यादी केली होती, आणि केलेली यादी अर्धी सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. शेवटी ते अधीक्षकांच्या खोलीत शिरले. अधीक्षक तर नाहीच म्हणणार. त्यांच्या नाहीवर तिप्पटरावांचा तीस वर्षांचा भरवसा होता.

अधीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"सिस्टर म्हणाल्या, मी यावं?"

"आग्रहाने."

"मग यायलाच हवं," अधीक्षक म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा झाला की जणू भूल न देता दात काढतायत.

बारापैकी बारा.

आता चारांऐवजी बारा म्हणजे आठ जास्त. पण तिप्पटराव डगमगले नाहीत. त्यांनी ठरवलं, घाबरवू. घाबरले की गळतील. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत एकेकाला गाठून सांगायला सुरुवात केली. बेटावर संडास एकच आहे आणि वारा सुटला की त्याचं दार समुद्रात जातं. एका जातीचा पक्षी माणूस जवळ आला की त्याच्या अंगावर ओकतो, तेलकट, आणि तो वास पाच धुण्यांनंतरही राहतो. मागच्या वर्षी एकाला लाँच इतकी लागली की त्याने परत यायलाच नकार दिला, तो त्या तीन म्हाताऱ्यांपैकीच एक.

लोक पांढरेफटक पडत. आणि म्हणत, "असू दे. सिस्टरसाठी."

गौप्यस्फोट सासूबाईंनी केला. त्या यादीत अकराव्या होत्या. एका रविवारी दुपारी त्या दारात उभ्या राहिल्या, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, डोक्यावर कान झाकणारी टोपी, गळ्यात कुणाकडून तरी आणलेली दुर्बीण.

"जावईबापू, हे बूट जरा मोठे होतात. ओकारीचे शिंतोडे आत जातील का?"

सिस्टरने आईकडे बघितलं. मग नवऱ्याकडे.

"आई, तू कुठे निघालीस?"

"अगं, तुझ्याबरोबर. बेटावर. तूच बोलावलंस ना? जावईबापू म्हणाले, मी नाही आले तर तू जेवणार नाहीस."

तिप्पटराव खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

"अहो," सिस्टर म्हणाली, "अजून कोण कोण आलं नाही तर मी जेवणार नाहीये?"

ते सांगत गेले. ती ऐकत गेली. सासूबाई बूट घालूनच सोफ्यावर बसल्या. लिफ्टवाल्याचं नाव आलं तेव्हा सिस्टरने डोळे मिटले. अधीक्षकांचं नाव आलं तेव्हा उघडले.

"ते पण?"

"मला वाटलं ते नाही म्हणतील."

"आणि आपण दोघं धरून चौदा. लाँच सहाची."

"त्यातले चार निवडू."

"कोण निवडणार? कुठलेही चार घ्या, आठ जण आयुष्यभर तोंड फिरवतील. आणि त्या आठात अधीक्षक असले तर माझ्या रजेवर सही कोण करणार? तुमचा लिफ्टवाला?"

"अधीक्षकांना घेऊ."

"अधीक्षकांना घेऊ," ती म्हणाली. "आठ वर्षं मी त्या पक्ष्याची वाट बघतेय. तिथे कड्यावर गप्प बसायचंय. माझ्या एका बाजूला अधीक्षक, दुसऱ्या बाजूला माझा दादा, आणि मागे ओकणारा दातांचा डॉक्टर. तो बुटका मला बघून समुद्रात उडी मारेल. मी त्याच्या जागी असते तर मारली असती."

सासूबाई हळूच म्हणाल्या, "मी ओकत नाही हो."

सिस्टर उठली. आतून कोरा कागद आणि पेन आणलं आणि टेबलावर ठेवलं.

"खरं लिहा. दोन. एक तुम्ही, एक मी. आधी खोटं लिहिलं होतं, तेही लिहा. आणि उद्या बाराही जणांना जाऊन सांगा."

"अगं, दोन लिहिले तर..."

"तर काय?"

काय ते त्यांना सांगता येईना. आयुष्यात कधी लिहून पाहिलं असतं तर सांगता आलं असतं.

ते पत्र लिहायला त्यांना अख्खा रविवार लागला. तुम्हाला वाटत असेल खरं लिहायला काय लागतं. बसून बघा. तिप्पटरावांनी चार कागद फाडले. पहिल्यावर पुन्हा सहा आले. दुसऱ्यावर 'दोन किंवा तीन'. तिसऱ्यावर दोन लिहून झाल्यावर हात शिवशिवला आणि पुढे 'कमीत कमी' असं उमटलं. चौथा बायकोने फाडला. पाचव्या कागदावर एकदाचं लिहिलं गेलं, की आम्ही पहिल्यापासून दोघंच आहोत, सहा हा आकडा माझ्या सवयीचा आहे, माझ्या बायकोचा गुडघा जातो आहे, आणि तिला एक पक्षी बघायचा आहे. कृपया दोन. सही करताना त्यांना गणवेश काढून रस्त्यात उभं राहिल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते बाराजणांकडे निघाले, शिव्या खायची तयारी करून. पहिले अधीक्षक.

"साहेब, तो सहांचा परवाना मीच रद्द करायला लिहिलंय. तुम्हाला नेता येणार नाही. आणि हिने बोलावलं होतं हेही खोटं. मीच बोललो ते."

अधीक्षक खुर्चीत मागे रेलले. त्यांच्या छातीतून एवढा मोठा श्वास बाहेर पडला की टेबलावरच्या दोन फायली उघडल्या.

"मला पोहता येत नाही हो," ते म्हणाले. "तीन आठवडे झोप नाही मला. डोळे मिटले की पाणी."

"मग हो कशाला म्हणालात?"

"तुम्ही सिस्टरचं नाव घेतलंत." त्यांनी उघडलेल्या फायली मिटल्या. "माझी आई त्यांच्या वॉर्डात गेली. शेवटी ती कुणालाच ओळखत नव्हती, मलासुद्धा नाही. सिस्टरचा आवाज मात्र ओळखायची. त्यांना मी नाही कुठल्या तोंडाने म्हणू?"

सगळीकडे हेच निघालं. दातांच्या डॉक्टरने त्यांना मिठी मारली. मुकादमाने मृत्युपत्र केलं होतं, ते फाडलं. लिफ्टवाल्याच्या मुलीला टाके पडले तेव्हा सिस्टर तिचा हात धरून बसली होती म्हणे, तासभर, ड्यूटी संपल्यावर. तिप्पटरावांना तीस वर्षांत यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना वापरलेल्या टाक्यांचा आकडा ठाऊक होता. कापणाऱ्यांचा अभ्यास त्यांनी आयुष्यभर केला. न कापणारी माणसं एवढी आहेत, आणि ती सगळी आपल्याच घरातल्या बाईमुळे आहेत, हे कुठल्याच मागणीपत्रावर लिहिलेलं नव्हतं. त्या संध्याकाळी त्यांनी न सांगता भांडी घासली. एक बशी फोडली, पण घासली.

लाँच सुटायला चार दिवस राहिले तेव्हा उत्तर आलं. सिस्टरने पिशवी भरून ठेवली होती. पाकीट तिप्पटरावांनी फोडलं आणि मोठ्याने वाचायला लागले.

"आपलं पत्र मिळालं. आधीचा परवाना रद्द केला आहे. मी रजेवरून परत आलो असून कामकाज पुन्हा नियमाप्रमाणे सुरू झालं आहे. आमच्या अनुभवानुसार अर्जदार गरजेपेक्षा जास्त व्यक्ती लिहितात, याची आपण स्वतःच लेखी कबुली दिली, त्याबद्दल आभार. त्यानुसार आपली दोन व्यक्तींची मागणी तपासून..."

ते थांबले.

"तपासून काय?" सिस्टरने विचारलं.

"एक मंजूर."

तिप्पटरावांनी सहीकडे बघितलं. अक्षर बारीक, घट्ट, खाली दोन रेघा. ते अक्षर त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण तो माणूस त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. सहा लिहिले असते तर त्याने बरोबर दोन दिले असते. आयुष्यात एकदा खरं लिहिलं, आणि ते नेमकं त्याच्या हातात पडलं.

"पुन्हा लिहितो," ते म्हणाले.

"चार दिवस उरलेत."

"मग तू जा."

एवढ्या पटकन ते बोलले की त्यांनाच नवल वाटलं. सिस्टरने त्यांच्याकडे बघितलं, पिशवीची चेन उघडली, त्यांचा स्वेटर बाहेर काढून खुर्चीवर ठेवला आणि चेन लावली.

"धक्क्यापर्यंत या," ती म्हणाली.

धक्क्यावर लाँच उभी होती. सहा जागा, सहाही रिकाम्या. लाँचवाल्याने कागद वाचला.

"एक."

"पाच जागा मोकळ्या आहेत हो," तिप्पटराव म्हणाले.

"दिसतायत मला."

"मी कोपऱ्यात बसेन."

"कागद एकाचा आहे, साहेब."

तिप्पटरावांनी भांडाराच्या खिडकीत उभं राहून हे वाक्य किती जणांना ऐकवलं होतं ते त्यांना एकाएकी आठवलं, आणि ते बाजूला झाले. सिस्टर गुडघा धरून लाँचमध्ये उतरली आणि मधल्या जागेवर बसली. टोपी बांधली. तिचा चेहरा त्यांनी असा कधी बघितला नव्हता. लग्नातसुद्धा नाही, आणि त्याला कारणं होती.

"वेळेवर जेवा," ती म्हणाली. "आणि कुणाला बोलावू नका."

परतीची लाँच चार दिवसांनी होती. तिप्पटराव घरी गेलेच नाहीत. धक्क्याजवळ खोली घेतली आणि सकाळ-संध्याकाळ बाकावर बसून समुद्राकडे बघत राहिले. तिसऱ्या दिवशी एक साधा, मळकट समुद्रपक्षी आला, त्यांच्याकडे एका डोळ्याने बघितलं आणि हातातला पाव अख्खा घेऊन गेला. त्या चार दिवसांत दिसलेला पक्षी तेवढा एकच.

चौथ्या दिवशी लाँच आली. सिस्टरचं नाक उन्हाने सोललं होतं, अंगाला माशांचा वास होता आणि ती लंगडत होती. दोनशे बारा पायऱ्या, रोज दोनदा.

"दिसला?"

"हातभर अंतरावर उभा होता," ती म्हणाली. "चोचीत मासे आडवे धरून. माझ्याकडे बघितलं, पाय पुढे टाकला, माझ्या बुटावर चोच मारली आणि गेला पिलाकडे. मी मग तासभर हललेच नाही. गुडघा तिथेच राहिला असता तरी चाललं असतं."

मग पिशवी त्यांच्या हातात देत म्हणाली, "त्या अधिकाऱ्याने विचारलं, मिस्टर आले नाहीत? म्हटलं, तुम्हीच कापलेत. तर म्हणतो, अहो, मला वाटलं पक्षी बघायला कोण बाई नवरा घेऊन येणार, त्यांना कापायलाच हवे असतील."

"हुशार आहे," तिप्पटराव म्हणाले.

दोघं बसथांब्याकडे चालू लागले. ती लंगडत, ते तिच्या चालीने. लाँचमध्ये काय खाल्लं, म्हातारे काय बोलले, सहा गाद्यांपैकी तिने रोज वेगळी कशी घेतली, असं ती सांगत होती. मग म्हणाली, "आणि तुम्ही? चार दिवस नुसते बसून?"

"नुसता का? मीही पक्षी बघितले."

"हो का? किती?"

तिप्पटरावांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"तीन," ते म्हणाले.